दत्तोबाची टॉमी

"…आणि ज्या रात्री आवाज बसका येतो ना, त्या रात्री म्हणे…"

दूध केंद्रावर बायडाबाई एवढंच बोलली आणि गप्प झाली. कारण मागे वैजनाथ येऊन उभा होता, हातात पिशवी घेऊन. त्यानं दूध घेतलं आणि निघाला. काही विचारलं नाही, तो स्वभावच नव्हता. मी असतो तर वाक्य पुरं करून घेतल्याशिवाय बाईला हलू दिलं नसतं.

लाइट येईपर्यंत सांगतो, ऐका. रोहन, तो मोबाइल खिशात ठेव आधी.

"सुखदेवकाका, शेवटी भूत दिसतं का?"

"तुझ्या तोंडावर बॅटरी मारली तर आत्ता दिसेल. गप्प बस. ही गोष्ट मला वैजनाथनं स्वतः सांगितलेली आहे."

तेव्हा आम्ही बिबवेवाडीतच, पण जुन्या बिल्डिंगमध्ये राहायचो. वैजनाथ माझ्या समोरच्या दारात. हिंजवडी नुकती फुगायला लागली होती, आणि तिथल्या एका कंपनीला त्याची बस लावलेली. बायको वारलेली, मुलगी अक्षता बंगळुरूला. तिचा फोन रविवारी. बाकीचे दिवस घरात बोलायला फक्त टीव्ही.

पण गाडीची काळजी अशी घ्यायचा की लोक हसायचे. पासिंगची तारीख यायच्या कितीतरी आधी गाडी आरटीओत हजर. टायर गुळगुळीत व्हायच्या आत बदललेले. आग विझवायचा सिलिंडर भरलेला. हे वळण त्याच्या ड्रायव्हरचं, दत्तोबाचं. दत्तोबा रोज रात्री गाडी लावली की टॉमीनं, म्हणजे हातभर लोखंडी कांबीनं, एकेक टायर ठोकायचा. हवा भरपूर असली की टण्ण वाजतं. कमी असली की भद्द, मग त्या चाकावर खडूनं फुली मारायचा. मागे जोडचाकं असतात, त्यातलं आतलं नुसतं बघून कळत नाही, ते कानानंच ओळखायचं. सगळं ठोकून झालं की खालूनच हाक द्यायचा, "शेठ, गाडी बेस हाय! जेवलात का?"

त्या श्रावणात दत्तोबा काविळीनं गेला. जेवलात का, असं विचारणारं मग कुणी उरलं नाही.

आता रात्र सांगतो. दोन हजार चार साल, दत्तजयंतीच्या आधीचा बुधवार, बारा वाजायला आलेले. अमावास्या वगैरे काही नव्हती, चांगलं चांदणं होतं. नवा ड्रायव्हर जयसिंग गावी गेलेला, म्हणून पहाटेची पाळी वैजनाथ स्वतःच नेणार होता. बसभर पोरं-पोरी घेऊन, बायपासच्या उतारावरून. गाडी गेली नाही तर कंपनी दुसरी बस लावणार, हे त्याला ठाऊक होतं. त्यात कंपनीचा माणूस सकाळी कागद तपासणार होता. परमिट, विमा, फिटनेस, सगळं चोख. एकच कागद तसा नव्हता. त्याच्या स्वतःच्या लायसन्ससाठीचं मेडिकल सर्टिफिकेट. ओळखीच्या डॉक्टरनं शिक्का मारून दिला होता, नाडीला हातही लावला नव्हता. आणि दोन-तीन दिवस वैजनाथचा डावा हात जड पडत होता. पित्त झालंय म्हणायचा. सोडा प्यायचा आणि झोपायचा.

कागदांची फाइल गाडीत ठेवावी म्हणून तो खाली उतरला. ठेवली. दार लावलं. किल्ली फिरवली.

टण्ण.

पुढच्या चाकाकडून आला आवाज. त्यानं वाकून पाहिलं. कुणी नाही.

"जयसिंग? आलास का रे?"

पलीकडच्या चाकावर, टण्ण.

मला म्हणाला, सुखदेवराव, खोटं सांगत नाही, पहिल्यांदा भीती नाही वाटली. किती दिवसांनी ऐकला तो आवाज.

"दत्तोबा…?"

मागे एका बाजूला, टण्ण… टण्ण. मग दुसऱ्या बाजूला, टण्ण… टण्ण. सगळी चाकं खणखणीत. म्हणजे गाडी ठीक आहे. तो हाकेची वाट बघत उभा राहिला.

हाक आली नाही.

कुत्रं नाही. वारा नाही. रस्त्यावर गाडी नाही.

मग पावलं. वहाणा फरफटत. बसच्या मागून… इकडे. त्याच्याकडे.

तो वळला नाही. वळवेचना.

पाठीला काहीतरी टेकलं. गार. लोखंडाचं. स्वेटरातून आत गार.

हलकेच ठोकलं.

भद्द.

थांबलं.

जरा डावीकडे… पुन्हा.

भद्द.

…

मी जागाच होतो. बघत नव्हतो, खिडकीतून दिसत होतं. चांदण्यात एकटा वैजनाथ, ताठ उभा. आसपास कुणीही नाही. मग तो जिन्याकडे आला, आणि माझं दार वाजलं. डिसेंबरच्या थंडीत माणूस घामानं निथळत होता.

"सुखदेवराव, उद्या गाडी काढायची नाही."

"का हो? गाडीला काय झालं?"

"गाडीला काही नाही," म्हणाला, आणि उंबऱ्यातच बसला.

रिक्षात घालून नेला. हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरनं कागदावरून मान वर करून विचारलं, "सकाळी कुठे जाणार होतात?"

"माणसं घेऊन हिंजवडीला."



वैजनाथ जगला. पण गाडी परत चालवली नाही. कंपनीनं दुसरी बस लावली, आणि त्यानं आपली विकून टाकली. अक्षता येऊन त्याला बंगळुरूला घेऊन गेली.

बायडाबाईला मी नंतर गाठलंच. तिचं म्हणणं, दत्तोबा गेल्यावरही रात्री त्याची टॉमी वाजते, आणि आवाज बसका आला की त्या रात्री गाडीत खोट असते. मी मुद्दाम मेस्त्रीला बोलावून सगळी चाकं उतरवून घेतली, ब्रेक उघडून पाहिले. गाडीत काडीची खोट नव्हती.

"मग भासच असणार, काका," ही कोपऱ्यातली अपेक्षा म्हणतेय. असेल बाई, असेल. मीही तसंच धरून चाललो असतो. पण त्या रात्री हॉस्पिटलात नर्सनं त्याचा स्वेटर काढला, सदरा काढला, बनियन काढलं, आणि मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "काका, हे कुणी केलं?"

पाठीवर, डाव्या अंगाला, स्वतःचा हात पोचणारच नाही अशा जागी…

खडूची पांढरी फुली.

कपड्यांवर नव्हती. कातडीवर.