तिरप्या रेघा

"सरका की जरा, पावणं. सगळं तुम्हीच बघणार हाय का?"

शांभवी भिंतीपाशी घुसली. कॉलेजच्या भूशास्त्र विभागात आज लांबलचक कागद लावला होता. समुद्राच्या तळाखाली सोडलेला आवाज थराथरावर आपटून परत येतो, त्यावरून उमटलेल्या काळ्या रेघा, मधेच एके ठिकाणी वर फुगलेल्या.

बाजूचा तरुण सरकला. "हा फुगवटा प्रवाळाचा आहे."

"न्हाय. प्रवाळ असतं तर आत रेघा विस्कटल्या असत्या. हा नदीनं लोटलेला गाळ हाय."

"पण... कागदावर 'प्रवाळ' हे मीच लिहिलंय."

तिचे कान तापले. म्हणजे रजेवर गावी आलेला, आज व्याख्यान देणारा तेल कंपनीतला कोल्हापूरचाच विश्वजित तो हाच.

"मग चुकलंय," ती बोलून गेली.

तो हसला. "सिद्ध करा. नाव?"

"शांभवी. गडहिंग्लज. ह्याच जागेचा आडव्या दिशेनं घेतलेला कागद हाय?"

होता. त्यानं तो फरशीवर पसरला. एका टोकावर तिचा डबा, दुसऱ्यावर त्याचा बूट. दोघं गुडघ्यांवर वाकली.

"बघा... रेघा समुद्राकडं तिरप्या. एकीपुढं एक. गाळ टाकत टाकत नदीचं मुख पुढं सरकलंय."

त्याचं बोट तिच्या बोटामागून सरकत आलं, शेजारी थांबलं. कुणीच हात मागं घेतला नाही.

"पुढच्या महिन्यात प्रवाळ समजून ह्याच फुगवट्यावर तेलाची विहीर खणणार आहेत," तो पुटपुटला, आणि एसटीडी बूथकडं धावला.

फोनवर कंपनीचे साहेब म्हणाले, पुरावा पाठव. त्यानं रजा वाढवली. मग रोज दोघं रंगीत पेन्सिलींनी थर रंगवू लागली — वाळू पिवळी, चिखल हिरवा. संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ... आणि भांडण.

कागद डेहराडूनला, कंपनीच्या कचेरीत गेले. उत्तर ऐकायला ती बूथच्या काचेबाहेर उभी राहिली.

तो बाहेर आला. "विहिरीची जागा बदलली. साहेबांनी विचारलं, कुणी ओळखलं? तुमचं नाव सांगितलं."

"आडनाव?"

"म्हटलं... ते बदलेल बहुतेक. तुमची हरकत नसली तर."

शांभवी ओढणीचं टोक पिळत राहिली. मग हळूच म्हणाली, "घरी कन्नड बोलत्यात. अप्पा तर आधी भांडतीलच. एक शब्द शिका. बर्री."

"म्हणजे?"

"म्हणजे — या."

"कधी?"

"रविवारी. गडहिंग्लजची पहिली एसटी धरून."