उलटे वेढे

"हे काम माझं नाही!"

सासूबाईंच्या त्या चार शब्दांनी सकाळच्या लख्ख उजेडातली ती खोली एकदम गारठून गेली. खिडकीलगतच्या मेजापाशी त्या ताठ बसल्या होत्या. हातात चांदीच्या तारेचे एक कडे होते. महिन्यापूर्वी विकलेले, पण गिऱ्हाइकाच्या मनगटाला घट्ट होते म्हणून सैल करायला परत आलेले. त्यांचा अंगठा तारेच्या वेढ्यांवरून एकदा फिरला, पुन्हा फिरला... आणि चहाचा कप घेऊन आलेली सून दारातच थबकली.

"चाळीस वर्षं मी तार उजवीकडे वळवतेय. हे वेढे उलटे आहेत. या घरात डाव्या हातानं काम करणारं माणूस एकच!"

ते माणूस म्हणजे हीच. नवी नवरी म्हणून घरात आली आणि पहिलाच कप डाव्या हाताने पुढे केला, तेव्हापासून सासूबाईंनी तिचे नाव 'डावरी' ठेवले होते. त्या हाकेत तेव्हा थट्टा होती, लाड होता, नवरा तर हसून म्हणायचा, "आई, तार वळवायला शिकवते आहेस ना हिला, मग उजवं-डावं करू नकोस हं!" तो हसणारा माणूस दोन वर्षांपूर्वी आठ दिवसांच्या तापात गेला, आणि घरातल्या हाकांमधला लाडही त्याच्याबरोबरच गेला.

"बोल ना! तोंड शिवलंय का? माझ्या नावावर स्वतःचं काम खपवतेस? मी डोळे मिटल्यावर या मेजावर बसायचंच होतं ना तुला... एवढीही कळ काढवली नाही?"

डावरीच्या ओठांशी उत्तर आले होते. आई, तुमचे हात कापतात हो आता. तुमच्या वेढ्यांत खडे राहत नाहीत... एवढे म्हटले असते तर सगळा निकाल लागला असता. पण ते वाक्य तिने गिळले, जसे ती गेले वर्षभर गिळत आली होती.

कारण तिला ते चार महिने आठवत होते! मुलगा गेल्यावर सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या त्या उठेचनात. अन्न नको, पाणी नको, बोलणे नको. डॉक्टरांनी हात टेकले. मग एके दिवशी कुणीशी बाई तुटलेले कानातले घेऊन आली आणि रडकुंडीला येऊन म्हणाली, "हे तुमच्याशिवाय कुणाला जमायचं नाही." सासूबाईंनी कूस बदलली. उठल्या, भिंतीला धरत धरत मेजापाशी गेल्या, पक्कड हातात घेतली... आणि त्या दिवशी चार घास जेवल्या! डावरीने तेव्हाच मनाशी गाठ मारली होती, की काय वाटेल ते होवो, या माउलीला मेजावरून उठू द्यायचे नाही.

त्यांची कला तरी केवढी नाजूक! ना आगीवर सांधणे, ना गोंद. खडा धरून ठेवायचा तो नुसत्या तारेच्या वेढ्यांनी. वेढा केसभर जरी ढिला पडला तरी खडा कधी ना कधी निसटणारच. आणि सासूबाईंचा खाक्या असा, की पूर्ण झालेला दागिना एकदा काचेच्या कपाटात ठेवला, की पुन्हा त्याला हात म्हणून लावायचा नाही. "पुन्हा चाचपायला लागावं असं काम मी करतच नाही!" त्या तोऱ्याने म्हणायच्या. त्या तोऱ्याचाच डावरीला आधार होता. दुपारी त्यांचा डोळा लागला की ती कपाट उघडायची, ढिले काम उकलायची, नवी तार घेऊन तोच दागिना जसाच्या तसा बांधायची. नक्षी त्यांची, खडे त्यांचे. फक्त वेढे तेवढे उलटे पडायचे, त्याला तिचा इलाज नव्हता.

"आजपासून या खोलीत पाऊल टाकायचं नाही," सासूबाई म्हणाल्या आणि कपाटाची किल्ली त्यांनी कमरेला खोचली.

चहाचा कप मेजावर ठेवून ती बाहेर आली. पण त्या दिवसापासून तिच्या जिवाला घोर लागला... आता खडे कोण सांभाळणार?

आणि नेमके त्याच आठवड्यात मास्तर आले. निवृत्त शिक्षक, सगळ्या गल्लीला शिकवलेला माणूस. त्यांच्या खिशात रुमालात गुंडाळलेला एक चंद्रकांत मणी होता. दुधाळ, आत निळसर चमक खेळणारा, त्यांच्या स्वर्गवासी पत्नीने आयुष्यभर उशाशी जपलेला. नातीच्या गळ्यात घालायला त्यांना त्याचे पदक करून हवे होते. सासूबाईंनी ते तीन दिवसांत केले. डावरीने काचेतून पाहिले. मण्याच्या खालच्या अंगाला तार आणि दगड यांच्यात फट दिसत होती!

"आई, मास्तरांचं पदक एकदा..."

"लांबून बघ. हात नको."

"आई, तुमच्या पाया पडते, फक्त एकदाच..."

"पाया पडायची सवय चांगली आहे. चोरी करायची नाही!"

पदक गेले. पाचव्या दिवशी मास्तर परत आले ते मूठ मिटूनच. मेजावर त्यांनी मूठ उघडली. चांदीची रिकामी चौकट, आणि मण्याचे दोन तुकडे.

"जिना उतरताना निसटला, बाई," ते म्हणाले. "पोर रडून रडून अर्धी झालीय. मी रागवायला नाही आलो... एवढंच विचारायला आलो, की असं झालं कसं?"

सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. क्षणभर त्या खुर्चीवरून कोसळतील असेच डावरीला वाटले. मग त्यांची नजर सुनेवर आली आणि डोळ्यांत अंगार पेटला. "हिनंच! माझ्या वेढ्यांत बोटं घालते ही. मेजाजवळ येऊ दिलं नाही त्याचा सूड उगवला हिनं!"

"खरं का, मुली?" मास्तरांनी हळूच विचारले.

केवढा अन्याय होता तो! ज्या हातांनी वर्षभर त्यांची अब्रू राखली, त्याच हातांवर सुडाचा डाग! एक 'नाही' म्हटले असते तर सुटका होती. पण मग मास्तर प्रश्नार्थक नजरेने कुणाकडे पाहणार होते? डावरीने सासूबाईंचे हात पाहिले. मेजाच्या कडेला घट्ट धरलेले, तरीही थरथरणारे. मुलगा गेला, नजर अधू झाली, आता एवढा एक विश्वास उरला होता...

"हो," ती म्हणाली. "मीच सैल केले."

मास्तरांनी तुकडे उचलले. चौकट तिथेच राहिली. सासूबाईंनी दाराकडे बोट दाखवले. त्याच संध्याकाळी डावरीने दोन लुगडी आणि नवऱ्याचा एक फोटो घेऊन घर सोडले.

दोन गल्ल्या सोडून असलेल्या कपडे धुण्याच्या कारखान्यात तिला इस्त्रीचे काम मिळाले आणि वरच्या मजल्यावर एक खोली. वाफेत दिवसभर उभे राहून पायाचे तुकडे पडत, पण खरी झोप उडत होती ती एकाच विचाराने... त्या जेवल्या असतील का? वीस दिवस असे गेले. एकविसाव्या दिवशी भर दुपारी, चादरींच्या ढिगाऱ्यांमधून वाट काढत, मास्तरांचा हात धरून सासूबाई येताना दिसल्या! त्या एवढ्या वाळल्या होत्या की इस्त्री तशीच टाकून ती धावली.

सासूबाईंनी मूठ पुढे केली. आत ती रिकामी चौकट होती.

"काल हिला हात लावला," त्या म्हणाल्या. "सवय मोडून लावला. तुझं बोट कुठं लागलं ते शोधायचं होतं मला... मिळालं नाही गं! वेढे सगळे सुलटे. अन् ढिले. दात पडलेल्या तोंडासारखे! मग कपाट उघडलं. जे घट्ट होतं ते प्रत्येक उलटं निघालं... प्रत्येक, डावरे!"

"आई, नका ना बोलू..."

"बोलू दे! मास्तरांना सगळं सांगून आलेय मी. चोराच्या उलट्या बोंबा मारल्या मी, अन् तू 'हो' म्हणालीस? का म्हणालीस गं?"

"तुम्ही पुन्हा भिंतीकडे तोंड केलं असतं," डावरी हुंदका आवरत म्हणाली. "मला तेवढं बघवलं नसतं. हे गेले, आता तुम्हीही... मग मी कुणाला आई म्हणायचं?"

त्या दोघी वाफेच्या त्या ढगात एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मास्तर पाठ फिरवून चादरी मोजत असल्यासारखे उभे राहिले.

डावरी घरी परतली. सासूबाईंनी स्वतःच्या हाताने तिला आपल्या खुर्चीत बसवले, तिच्या डाव्या हातात पक्कड दिली... आणि दुसऱ्या दिवशी त्या उठल्या नाहीत. तोंड भिंतीकडे! डावरीला ज्याचे भय होते तेच अखेर झाले. सत्याने सून परत दिली होती, पण मेज काढून घेतले होते. तीन दिवस तिने विनवण्या केल्या. चौथ्या सकाळी ती तारेचे नवे वेटोळे घेऊन उशाशी बसली.

"आई, तार सरळ करायचीय. एक टोक कुणीतरी धरायला हवं. मला एकटीला जमत नाही."

टोक धरायला मेजाला लोखंडी शिकंजा बसवलेला होता, हे त्या घरात कुणाला ठाऊक नव्हते?

"खोटारडी!" भिंतीकडून आवाज आला. मग सासूबाई हळूहळू उठल्या.

मग रोजचे तेच झाले. सकाळी डावरीने म्हणायचे, मला एकटीला जमत नाही. त्यांनी खोटारडी म्हणायचे आणि उठायचे. चिमट्यात तारेचे टोक धरून त्या मेजापलीकडे बसत, ही दुमडलेल्या फडक्यात तार धरून मागे मागे सरके, आणि तार सरळ होत जाई. मध्येच त्या मुलाच्या लहानपणचे काही सांगत, हसतही. दिवसाला त्यांची ताकद थोडी थोडी कमी होत होती, हे दोघींनाही कळत होते.

एका सकाळी डावरीने नेहमीसारखी तार ओढली. हाताला ताण लागलाच नाही. सबंध तार अलगद तिच्याकडे चालत आली.

"आई, घट्ट धरा ना! पेंगताय की काय?" तारेवरची नजर न काढता ती हसून म्हणाली.

पलीकडून उत्तर आले नाही. तिने वर पाहिले. चिमटा मांडीवर पडला होता. मान खिडकीकडे कलली होती, भिंतीकडे नव्हे.

फडके, तार, सगळे तिथेच टाकून ती त्यांच्या पायांशी बसली. तो हात तिने आपल्या दोन्ही हातांत घेतला. तो आता कापत नव्हता.

"आई, उठा ना..." ती म्हणाली, "मला एकटीला नाही हो जमत!"

आणि या वेळी त्यात खोटे काहीच नव्हते.