बाहेरचं कोणी आहे का?

कोणी म्हणेल, कानबाई देवीच्या नावावर काहीही सांगतो हा माणूस. म्हणू दे. ही हकिगत माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरातली आहे. ज्या लेकरावर हे बेतलं, तो माझा भाचा आज माझ्यापेक्षा हातभर उंच आहे. खोटं सांगून मला काय मिळणार?

साल सत्त्याण्णव. श्रावण महिना. सुरतेत उधन्याला, लूमच्या, म्हणजे मागांच्या कारखान्यांना लागून असलेल्या एका चाळीत, शेवटच्या खोलीत हे घडलं.

आणि मध्यरात्री वगैरे नाही. दिवेलागणीला. गल्लीत पोरं खेळत असताना.

आधी दगाजी फौजी कोण होते ते ऐका, नाहीतर यातलं काहीच कळायचं नाही.

माझ्या बहिणीचे, योगिताचे, ते सासरे. धुळ्याकडचे. एकाहत्तरची लढाई केलेला माणूस. पेन्शन घेऊन गावी ओट्यावर बसायचं, तर ते सुरतेला आले आणि पुन्हा राबायला लागले. रात्री कारखान्याच्या फाटकावर वॉचमन. सकाळी थोडं पडायचे आणि दुपारभर मार्केटात साड्यांच्या घड्या घालायचे. गोपाल आणि कुंदन, दोन्ही पोरांना कामाला लावलं. खोली घेतली, पत्रे काढून स्लॅब टाकला. स्वतःला मात्र कधी नवी चप्पल घेतली नाही. जुनीलाच टायरचा तळ ठोकायचे. ते गल्लीत शिरले की त्या चपलेच्या आवाजावरून चाळ ओळखायची.

संध्याकाळी ड्युटीला निघताना ते दाराबाहेर उभे राहायचे आणि घराची गिनती घ्यायचे. फौजेतली सवय, दुसरं काय.

काठी चौकटीवर टक्. एक नाव. आतून उत्तर, "हाजर."

पुन्हा टक्. दुसरं नाव. पोरगा कारखान्यात असला तर सासूबाई, पार्वतीबाई, त्याच्या वतीनं "ड्युटीवर" म्हणायच्या.

शेवटी विचारायचे, "बाहेरनं कोनी शे का?"

शेजारचं लेकरू खेळत राहिलेलं असलं, तर त्याला टोपडं घालायचे, नीट गुंडाळायचे आणि उचलून त्याच्या घरी पोचवून यायचे. मग आतून कडी लागल्याचा आवाज ऐकायचे. त्याशिवाय पाय हलवायचे नाहीत.

योगिता गोपालची नवरी होऊन आली, त्या संध्याकाळी ती कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. पार्वतीबाईंनी आतून सांगितलं, "नवी शे. आपली शे." बाहेर टक् वाजलं. "योगिता." तिच्या तोंडून शब्द फुटेना. सासूनं कोपर मारलं तेव्हा कुठे म्हणाली, "हाजर."

हे सांगताना तिचे डोळे अजून भरतात. म्हणते, माहेरी मला कोणी कधी मोजलं होतं का रे?

दगाजी गेले पंच्याण्णवच्या दिवाळीत. साध्या तापाचं निमित्त झालं. दुःखाचं वर्ष म्हणून पुढच्या श्रावणात घरात कानबाई बसली नाही. मग योगिताला मुलगा झाला, चेतन. आजोबांनी त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. सत्त्याण्णवच्या श्रावणात तो पाच महिन्यांचा होता. नुसता पालथा पडायचा, रांगत नव्हता.

हे लक्षात ठेवा.

आमच्या खान्देशात कानबाईला रोट करतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं मूठभर गहू काढायचे, ते दळायचे, त्याचे रोट भाजायचे. तान्हा पोरगा असला तरी त्याची मूठ निघते. आणि ते रोट फक्त घरच्यांनी खायचे. बाहेरच्याला तुकडासुद्धा द्यायचा नाही.

मुठी पार्वतीबाईंनी काढल्या. घरात पुरुष तीन. मुठी तीन. सगळं बरोबर होतं.

निदान तेव्हा तरी तसंच वाटलं.

रविवारी कानबाई बसली, सोमवारी सकाळी वाजतगाजत विसर्जन झालं. त्या ओळीतल्या लूमला सोमवारी सुट्टी असायची. एरवी तिथं दिवसरात्र नुसती खटखट. माणसं त्या खटखटीतच झोपतात. ती थांबली की उलट जीव घाबरा होतो.

गोपाल आणि कुंदन चौकात गेले होते. योगिता देवापुढे दिवा लावत होती. तेवढ्यात...

टक्.

तिला वाटलं, पोरांचा चेंडू लागला असेल.

टक्... टक्... टक्.

दारात कोणी नव्हतं. पोरं पार गल्लीच्या तोंडाशी खेळत होती. ती परत आली आणि झोळीत वाकून पाहिलं. चेतन जागा होता. त्याच्या डोक्यावर टोपडं होतं, नाड्या हनुवटीखाली घट्ट बांधलेल्या.

तिनं टोपडं घातलं नव्हतं. एवढ्या उकाड्यात कोण घालेल?

सासूबाईंनी घातलं असेल, असं म्हणून तिनं ते काढून ठेवलं.

मंगळवारी त्याच वेळेला दोघे भाऊ कामावर होते. पार्वतीबाई भाजीला गेलेल्या. योगिता मागच्या मोरीत भांडी घासत होती. लूम चालू होते, तरी त्या खटखटीतून तिला ते वेगळं ऐकू आलं...

टक्... टक्... टक्... टक्.

मग कडी पडल्याचा आवाज.

ती राखेच्या हातांनी धावत आली. दार सताड उघडं. झोळी हलत होती.

झोळीत पोर नव्हतं.

ती अनवाणी गल्लीत आली, तर समोरून शोभाबाई, पलीकडच्या खोलीतली शेजारीण, चेतनला छातीशी धरून येत होती.

"अगं, काय बाई आहेस तू," शोभाबाई म्हणाली. "पोराला माझ्या ओट्यावर ठेवून गेलीस, एक हाक तरी मारायचीस. कुत्री फिरतात इथं."

योगितानं पोराला घेतलं. डोक्यावर टोपडं. अंगाभोवती कांबळं गुंडाळलेलं. मग तिची नजर कांबळ्याच्या घड्यांवर गेली. चारी कोपरे काटकोनात, एक सुरकुती नाही.

तशी घडी त्या घरात एकच माणूस घालायचा.

पार्वतीबाई बाजारातून आल्या. त्यांनी ते कांबळं पाहिलं आणि भाजीची पिशवी तशीच सोडून त्या उंबऱ्यावर बसल्या.

गोपालला सांगितलं तर तो म्हणाला, "कोणा पोरीनं खेळायला नेलं असेल." पण त्या रात्री त्यानं पोराला स्वतःच्या कुशीत घेतलं. झोप कोणालाच लागली नाही.

योगिताच्या डोक्यात एकच घोळत होतं. मामा, म्हणजे सासरे, असं का करतील? जिवंतपणी ते शेजारच्याच लेकराला...

आणि ती अंथरुणात ताडकन उठून बसली.

बुधवारी दुपारी तिनं सासूला विचारलं, "आत्याबाई, मुठी कोणाकोणाच्या काढल्या?"

"तीन लिध्या ना. पह्यली यास्नी. मंग गोपालनी. मंग कुंदननी."

पहिली मूठ नवऱ्याची. जन्मभराची सवय. हात आपोआप गेला होता. मुठी तीनच झाल्या, म्हणून कोणाला शंका आली नाही. गेलेला माणूस घरात मोजला गेला होता, आणि चेतन राहिला होता.

दगाजींच्या लेखी तो बाहेरचा होता.

पार्वतीबाईंनी तोंडाला पदर लावला. आता मूठ काढायची तर पुढच्या श्रावणातच. आणि दिवेलागण तर दोन-तीन तासांवर आली होती.

योगितानं कडी लावली. वर खुर्ची टेकवली. चेतनला छातीशी धरून भिंतीला पाठ लावून बसली. बाहेर दिवे लागले. पोर रडत होतं, काही केल्या थांबेना.

टक्.

पार्वतीबाईंच्या तोंडून निघून गेलं, "हाजर."

टक्... "ड्युटीवर."

टक्... "ड्युटीवर."

टक्... आता योगिताची पाळी. उत्तर द्यायची तिला भीती वाटत होती. पण उत्तर दिलं नाही तर काय होईल, याचीच जास्त भीती वाटली.

"हाजर."

सगळं शांत झालं. चेतनही.

तो तिच्या खांद्यावरून मागे बघत होता. मागे तर भिंत होती. त्यानं दोन्ही हात पुढे केले, कोणी घ्यायला आलं की करतो तसे... आणि हसला.

खुर्ची हळूच बाजूला सरकली. कडी निघाली.

आणि तिच्या हातातलं ओझं हलकं व्हायला लागलं.

ओढाताण नव्हती, हिसका नव्हता. झोपलेलं मूल जागं होऊ नये म्हणून जसं अलगद उचलतात, तसं कोणीतरी त्याला खालून उचलत होतं. तिनं जीव खाऊन धरलं. तरी तिची बोटं एकेक करून सुटत होती.

एका हातानं तिनं डोक्यावर पदर घेतला. सासऱ्यासमोर उघड्या डोक्यानं कधी बोलली नव्हती.

"मामा," ती म्हणाली, "नवा शे. आपला शे. तुमच्या गोपालचा चेतन शे."

काहीच हललं नाही.

तेव्हा पार्वतीबाई उठल्या. फोटोपुढे नवऱ्याच्या नावानं रोटाचा तुकडा ठेवलेला होता. तो त्यांनी घेतला, चिमूटभर कुस्करला आणि नातवाच्या ओठांना लावला. "तुमनाच वाटा दिधा त्याले," त्या म्हणाल्या. "आते मोजा."

किती वेळ गेला कोण जाणे...

टक्.

"हाजर," योगिता पोराच्या वतीनं म्हणाली आणि रडायला लागली.

पोराचं ओझं परत तिच्या हातांत आलं. दार लागलं. कडी आपोआप आत सरकली. बाहेर टायरच्या चपलेचा आवाज कारखान्याच्या दिशेनं गेला.

पुढच्या श्रावणात चेतनची मूठ निघाली. गोपाल म्हणाला, आता दादांची, वडिलांची, काढू नका. पार्वतीबाई ऐकेनात. म्हणाल्या, नाही काढली तर तेच बाहेरचे होतील, मग दारात कोण येतंय ते आपल्याला कसं कळणार? आता त्याही नाहीत. मूठ योगिता काढते. कुंदनची बायको हर्षदा आली, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी योगितानं दाराकडे तोंड करून सांगून टाकलं, नवी शे, आपली शे.

मी यातलं निम्मं खोटं समजायचो.

गेल्या भाऊबीजेला गेलो होतो. गप्पांत दिवेलागण झाली. चेतन म्हणाला, "मामा, राहा ना आज." योगितानं माझी पिशवी उचलून माझ्या हातात दिली.

दाराशी गेलो. माझ्या चपला सरळ करून, तोंडं बाहेरच्या बाजूला करून ठेवलेल्या होत्या. त्यांच्यावर माझी टोपी होती.

टोपी मी आत खुंटीला अडकवली होती.

मी तिचा सख्खा भाऊ. पण त्या घराच्या गव्हात माझी मूठ नाही.

मी निघालो. गल्लीच्या वळणापर्यंत कोणीतरी मला पोचवायला आलं. टायरच्या चपलेचा आवाज होता, माझ्या दोन पावलं मागे.

मी वळून पाहिलं नाही.