एकमत होईपर्यंत पोहे

खरी कला माणसाला एकांतातच भेटते, यावर डॉक्टर गंधाली शेवडेची गाढ श्रद्धा होती. म्हणून ती सिनेमा नेहमी बुधवारी दुपारी बघायची, आणि एकटीच. बुधवारी दुपारी रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या तिच्या दवाखान्यात दात दाखवायला कुणी फिरकत नाही, हेही एक कारण होतं.

जानेवारीतल्या त्या बुधवारी मॉलमधलं अख्खं थिएटर रिकामं होतं. मधोमध ती, मांडीवर शाल, हातात पॉपकॉर्न. जाहिराती संपत आल्या होत्या. इतक्यात अंधारातून एक उंच माणूस मोबाइलच्या उजेडात खुर्च्यांचे नंबर वाचत आला, रिकाम्या खुर्च्यांना 'सॉरी... सॉरी' म्हणत रांगेतून सरकला, आणि बरोबर तिच्या शेजारी येऊन बसला.

"सगळं थिएटर मोकळं आहे," गंधाली म्हणाली.

"हव. पण माझा नंबर हाच आहे."

"कोण बघतंय?"

"तुम्ही बघून राहिल्या ना..."

तिने पॉपकॉर्न दुसऱ्या हातात घेतलं. सिनेमा सुरू झाला. रणजय मेहरोत्रा हा त्या वर्षीचा सगळ्यात चर्चेतला नट स्मृती गेलेल्या पहिलवानाच्या भूमिकेत होता. भूमिकेसाठी त्याने वजन वाढवलं होतं, मग उतरवलं होतं, आणि दोन्हींबद्दल मुलाखती दिल्या होत्या. मध्यंतराच्या आधी पहिलवान आपल्याच आईला नाव विचारतो. तिथे शेजारून एक दबका आवाज आला. गंधालीने डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. तो रडत होता. लपवत नव्हता, मोठ्याने नव्हता. नळ नीट बंद न केल्यासारखा रडत होता.

तिने पॉपकॉर्नबरोबर मिळालेला कागदी रुमाल न बोलता पुढे केला. बोटांना बोटं लागली. त्याच्या हाताला लोखंडाचा वास होता.

दिवे लागले तशी ती म्हणाली, "फसलात."

"म्हणजे?"

"रडताना त्याचे वरचे सगळे दात दिसत होते. संगमरवरी. गावातला पहिलवान, आयुष्यभर कडुलिंबाची काडी, आणि दात मात्र बांद्र्याचे! मी डेंटिस्ट आहे. मला आईबीई काही दिसलीच नाही."

"तुम्ही सिनेमा पाहायले आल्या का ओपीडी कराले?"

"परीक्षण करायला आले. मंडळाची परीक्षक आहे मी."

तो रुमालाची घडी घालता घालता थांबला. "कोणतं मंडळ? मराठी रसिक मंडळ? परीक्षक तर मी आहे. नानांनी पास देला मले."

दोघांनी आपापले पास काढून पाहिले. शेजारशेजारचे नंबर होते. अध्यक्ष नानांनी ते एकदमच काढले होते आणि एकमेकांबद्दल सांगायचं विसरले होते.

इथे मंडळाची थोडी माहिती देणं भाग आहे. रायपुरात मराठी माणसं दोन खेपांत आली. एक भोसल्यांच्या राज्यात आलेली घराणी, दुसरी विदर्भातून रेल्वेबरोबर आलेली. पहिले अजून दुसऱ्यांना 'नवीन' म्हणतात. या नवीनांचे पणजोबा इथूनच पेन्शनीत निघाले. मंडळ दरवर्षी फेब्रुवारीत एका नटाला 'रसिकमान्य' पुरस्कार देतं. आधी मतदान व्हायचं. एका वर्षी मतं समसमान पडली आणि त्या वादातून मंडळाचे दोन गणपती झाले, ते अजून दोनच आहेत. तेव्हापासून परीक्षक दोन असतात, एक जुन्यांतला, एक रेल्वेवाल्यांतला, आणि निर्णय एकमतानेच लागतो. एकमत होईपर्यंत दर रविवारी बैठक. बैठकीला मंडळातर्फे पोहे.

रेल्वेवाल्यांतला म्हणजे हा भार्गव ढोमणे. आजोबा गार्ड, वडील तिकीट तपासनीस, आणि स्वतः उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये सळयांची तपासणी करणारा इंजिनियर.

पहिल्या रविवारी मंडळाच्या वाचनालयात, कपाटांच्या आणि फोटोंतल्या दिवंगत अध्यक्षांच्या साक्षीने, दोघं समोरासमोर बसले. भार्गव रणजय मेहरोत्राच्या बाजूने. गंधाली रजनीश मिंजच्या. मिंज हा जशपूरकडचा, फारसं कुणाला माहीत नसलेला नट. त्याच्या सिनेमात तो रेल्वे फाटकाचा चौकीदार होता आणि सबंध सिनेमात तो फाटक उघडायचा आणि लावायचा.

"तो काही करतच नाही," भार्गव म्हणाला.

"तेच तर करतो."

"डॉक्टर, हे तुम्ही पेशंटले सांगता काय? दात दुखून नाही राहिला, तेच तर दुखून राहिलं?"

ती हसली, आणि हसल्याबद्दल रागावून पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढू लागली. ते त्याने सहज उचलून खाल्ले. न विचारता.

पुरस्कारांचा हंगाम ऐन भरात होता. टीव्हीवर दर आठवड्याला एक सोहळा. दोघं एकमेकांना फोन करून तो 'परीक्षणासाठी' एकत्र बघायचे. ती तात्यापाऱ्यात, तो बीरगावात, फोन स्पीकरवर.

"बघ, आता आईचं नाव घेईल," ती म्हणायची.

"आई झाली. आता देव."

"देवानंतर ट्रेनर. पैज लाव."

"गंधाली, याचे दात कसे आहेत?"

"गेल्या वर्षी वेगळे होते..."

वजन घटवणाऱ्याला एक, नकली नाक लावणाऱ्याला एक, खऱ्या माणसाची भूमिका करून त्या खऱ्या माणसाला पहिल्या रांगेत बसवणाऱ्याला एक, अशी वाटणी चालू होती. मिंजचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. गंधाली दर वेळी गप्प व्हायची. फोनच्या पलीकडे ट्रक जाताना ऐकू यायचे. भार्गवही काही बोलायचा नाही. असं दोघांनी मिळून गप्प बसणं तिला आवडू लागलं होतं... तिने ते परीक्षणात धरलं नाही.

पुढच्या एका बैठकीत तिने विचारलं, "तू दिवसभर नेमकं काय करतोस रे तिथे?"

"सळई वाकवून पाहतो."

"आणि?"

"तडा नाही गेला तर पास. जोरात ओढलं तर कोणतीही तुटते, त्याच्यात काय पाहायचं? चांगली सळई वाकते... आणि आवाज नाही करत." तो एकदम थांबला. पोह्यांची बशी उगाच फिरवली. "लिंबू आहे काय?"

लिंबू बशीतच होतं.

त्यानंतर मात्र तो मेहरोत्राची बाजू जरा जास्तच जोरात मांडू लागला. पहिलवानाचा घाम, पहिलवानाची चाल, पहिलवानाची मान. मानेवर एक पूर्ण रविवार गेला.

फेब्रुवारीचं कोवळं ऊन वाचनालयाच्या जाळीतून टेबलावर पडलं होतं, तेव्हा गंधालीने ती गोष्ट सांगितली. मागच्या वर्षी बिलासपूरचा एक मुलगा तिला बघायला आला होता. बँकेत होता, स्वभावाने गरीब. ती म्हणेल त्याला 'बरोबर' म्हणायचा. शेवटी तिने एका नटाची तोंडभर स्तुती केली.

"तो म्हणाला, हो ना, फार ताकदीचा माणूस."

"मग?"

"असा नट नाहीच. नाव मी तिथल्या तिथे बनवलं होतं. मी नकार दिला. आई अजून बोलत नाही नीट. तिला वाटतं, एवढ्याशा गोष्टीवरून..." तिने बशी बाजूला सरकवली. "एवढीशी नाहीये. दुखतंय तिथे दुखतंय असं जो सांगत नाही, त्याचं मी काही करू शकत नाही. दवाखान्यातही नाही. तू निदान भांडतोस. खरं वाटतं तेच बोलतोस."

भार्गव पाणी प्यायला. मग तिच्या ग्लासातलंही प्यायला. चेहरा उतरला होता, आणि ते कुठल्याही दंतवैद्याला दिसलं असतं. पण गंधाली तेव्हा त्याच्या केसांतली उरल्याची काळी धूळ बघत होती. ती झटकावी की नाही, या विचारात होती.

पुढच्या बैठकीला अध्यक्ष नाना स्वतः आत आले.

"पोट्टेहो, पुढच्या रविवारी समारंभ आहे. किती पोहे खासान? आज नाव द्या."

ते बाहेर जाऊन पेपर वाचत बसले. आतून कुठलाच आवाज येईना, म्हणून अधूनमधून खाकरले.

गंधाली शालीच्या झालरीला गाठी मारत होती. मग म्हणाली, "चल. तुझा पहिलवान."

"काय?"

"देऊन टाकू त्याला. मी तयार आहे."

"तुले पटलं?"

"नाही."

"मग काहून?"

"कारण..." तिने एक गाठ सोडवली. "कारण हे संपायला पाहिजे यार. मला तुला बिनकामाचं भेटायचंय. नट नको, नाना नको, पोहे तर बिलकुलच नको. दर वेळी काहीतरी कारण काढून भेटायचा मला कंटाळा आला."

तिचे कान लाल झाले होते. स्वतःच्याच तोंडून 'तू म्हणशील तसं' निघालंय, हे तिच्या लक्षात आलं होतं, आणि त्याचं तिला फारसं वाईट वाटत नव्हतं.

भार्गवने दोन्ही हात टेबलावर ठेवले. "एक सांगतो. मग तू उठून गेली तरी चालते... नाही, चालत नाही, पण सांगतो." त्याने श्वास घेतला. "मेहरोत्रा मले आवडत नाही. पहिल्या बुधवारी आवडला होता, ते खरं. पण त्या सळईच्या दिवशीच समजलं, का मिंजच भारी आहे. तो वाकतो आन् आवाज नाही करत. म्हटलं, आता हव म्हटलं तर बैठका खतम. म्हणून भांडून राहिलो."

"सळईपासून?"

"हव."

"ती मान? तो मानेचा रविवार?"

"त्या मानेत काहीच नाही वो."

ती उठली. खिडकीशी गेली. बाहेर नाना खाकरले. भार्गवला उरल्यातला यंत्राचा काटा आठवला, सळई तुटायच्या आधी क्षणभर थांबणारा.

"म्हणजे तूही खोटं बोललास," ती पाठमोरीच म्हणाली.

"हव. पण त्या बिलासपूरवाल्याच्या उलटं."

"ते पण खोटंच."

"खोटंच आहे. दुखत होतं ते आत्ता सांगितलं. तुले जे काढायचं असन ते काढ."

मग तिचे खांदे हलले. तो घाबरून उठला. ती हसत होती; तोंडावर शाल धरून, आवाज न करता.

"मी लोकांच्या तोंडात बघून सांगते, कोण रोज ब्रश करतो आणि कोण नुसतं म्हणतो," ती म्हणाली. "आणि तू इतके रविवार... मला कळलंसुद्धा नाही. अभिनय येतो तुला."

"तुझ्यापुरताच. दुसऱ्या कोणासमोर जमत नाही."

ती जवळ आली. त्याच्या केसांतली धूळ झटकली, एकदा आणि मग, राहिली असेल म्हणून, पुन्हा. "यापुढे नाही पटलं तर नाही म्हणायचं. पटलं तर हो."

"हव."

"हे खरं का?"

"हे खरं."

"मग आईला भेटायला ये. कांदेपोहे नको म्हणून सांगते मी तिला. उपमा सांगते."

त्याने तिचा हात धरला, आणि दिवंगत अध्यक्षांच्या फोटोंसमोर तो बराच वेळ सोडला नाही. मग दोघं बाहेर गेले. नानांना सांगितलं: एकमत झालं, रजनीश मिंज.

नानांनी पेपरची घडी घातली. दोघांच्या अजून न सुटलेल्या हातांकडे पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "बढिया," ते म्हणाले. "फार बढिया झालं."

मग त्यांनी पिशवीतून पितळी फलक काढून दाखवला. लग्नसराईत कोरणारा वेळ देत नाही, म्हणून मंडळ फलक दरवर्षी डिसेंबरातच नावासकट करून घेतं. त्यावर एका तिसऱ्याच नटाचं नाव होतं. त्याचा त्या वर्षी एकही सिनेमा आला नव्हता.