अकरा लेकींचे खिळे

माझा जावई मयूर जगाला विचारतो, सासूला विचारत नाही. मोबाईलला विचारेल, टपरीवाल्याला विचारेल, पण शेजारी बसलेल्या बाईला काही माहीत असेल हे त्याच्या डोक्यात शिरत नाही. मी चौथी शिकलेली. पंचवटीच्या भाजीबाजारात तीस वर्षं बसले, पोरगी शिकवली, दोन खोल्या बांधल्या. चतुराबाई समोर उभी राहिली की भल्याभल्यांचा वजनकाटा सरळ होतो. जावयाच्या लेखी मात्र मी दारातलं पायपुसणं. त्याच्या या गुणापायी गेल्या सप्टेंबरात आम्ही तिघं डोंगरावर मरता मरता वाचलो, ते सांगते.

गणपतीच्या आधी मयूरने जमिनीखालचा धातू शोधायची मशीन आणली. लांब दांडा, टोकाला ताटलीएवढी चकती, मुठीपाशी आकडे दाखवणारा छोटा पडदा. हा छंद आहे म्हणे, परदेशात म्हातारी माणसंसुद्धा करतात. पहिल्या रविवारी आमच्या गल्लीत त्याला सात बाटल्यांची बुचं आणि गुटख्याच्या चकचकीत पुड्या सापडल्या. दुसऱ्या रविवारी निफाडला मित्राच्या द्राक्षबागेत गेला. तिथं वर तारा, बाजूला लोखंडी अँगल! मशीन अशी बोंबलायला लागली की शेजारचा मळेवाला काठी घेऊन धावत आला. तिसऱ्या रविवारी साहेब किल्ल्यावर निघाले, तर माझ्या मीनाने वाचून दाखवलं की किल्ल्यावर, देवळाच्या आवारात असं खणणं म्हणजे गुन्हा आहे. तोंड पाडून बसला. त्याची दया आली आणि माझी जीभ घसरली. मी म्हटलं, एवढी हौस आहे तर माझ्या आईची कळशी शोधा.

पेठ तालुक्याच्या अंगाला एका डोंगराच्या सड्यावर, सपाट माथ्यावर, आमचा वरचा पाडा होता. सोळाव्या वर्षी माझं लग्न झालं, मी खाली आले. पुढं दोन वर्षांत वरचा झरा आटला आणि सगळा पाडा डोंगराखाली उतरला. निघताना आईने चांदीचे वाळे आणि गोठ तांब्याच्या कळशीत घालून घरातच पुरले, बस्तान बसलं की घेऊन जाऊ म्हणाली. त्याच पावसाळ्यात ती तापाने गेली. कळशी कुठं, ते तिच्याबरोबर गेलं. भावांनी दोनदा खणून पाहिलं, हात हलवत परत आले. पंचेचाळीस वर्षं झाली. ते वाळे घालून आई पाण्याला जायची तो आवाज मला अजून येतो.

तर असे आम्ही निघालो. मी, मीना आणि मशीन मिरवणारा मयूर. डोंगराखालच्या पाड्यात माझा चुलतभाऊ काळू राहतो. त्याच्याकडे पिकअप आहे. चारला खाली येतो, तू थांब, असं त्याला सांगून आम्ही सकाळी आठला चढायला लागलो.

ऊन लख्ख पडलं होतं. गवत छातीएवढं वाढलेलं, त्यात सोनकीची पिवळी फुलं, समोरचा सुळका असा स्वच्छ दिसत होता की त्याच्यावर नजर ठेवून मी जुनी वाट काढत गेले. वर कोणी जात नाही, त्यामुळे वाट गवतात बुडालेली. कुठून वर चढायचं ते दाखवून दिल्यावर मयूर पुढं सटकला. चकती डावीकडे, चकती उजवीकडे, मधूनच टुंई. माझे गुडघे कुरकुरत होते, म्हणून मी आणि मीना मागून. वाटेच्या कडेला एकामागून एक तीन ताजे खड्डे लागले. उकरलेली माती तशीच टाकलेली. एखाद्या गाईचा पाय मोडला असता. त्याच्या मोबाईलातल्या गुरूंनी पहिल्या धड्यातच सांगितलं होतं की खड्डा बुजवायचा, पण तो धडा पुढं ढकलला असणार. मीच तिन्ही खड्डे पायाने बुजवले, वर टाच मारून माती दाबली, आणि त्याच्या नावाने बोटं मोडली.

वर पोचून नागलीची भाकर सोडली तेव्हा तो कुरकुरायला लागला. वाटेत नुसते गंजके खिळे निघाले म्हणाला. तीन उपटले, दरीत भिरकावले आणि मग वैतागून मशीनचं लोखंड बंदच करून टाकलं. म्हणजे लोखंडावर ती वाजणारच नाही, फक्त चांदी, तांबं, पितळ.

मी कपाळावर हात मारला. ते खिळे कचरा नव्हते! आमच्या पाड्याची रीत होती. लेक सासरी निघाली की बाप उतरणीच्या वाटेकडेला जमिनीत लोखंडी खिळा ठोकायचा, रानातलं बरंवाईट तिच्या मागं लागू नये म्हणून. पहिल्या लेकीचा खिळा वेशीच्या दगडाशी. दुसरीचा त्याच्या खाली बारा पावलांवर. तिसरीचा आणखी बारा पावलं खाली. असे अकरा लेकींचे अकरा खिळे, वरपासून खालपर्यंत. सगळ्यात खालचा, अकरावा, माझा. म्हणजे खालून चढताना मयूरने पहिला उपटला तो माझ्या बापाच्या हातचा. मग शेजारच्या शकुबाईचा, मग माझ्या धाकट्या आत्याचा.

त्याला सांगितलं तर हसला. म्हणाला, मामी, नवे आणून देतो, किलोवर मिळतात. मीनाने मान खाली घातली. मी भाकर बांधून ठेवली.

पाड्याची नुसती जोती उरली होती. आमचं जोतं मी ओळखलं ते दारातल्या उखळावरून. तीन तास मयूरने इंच इंच चकती फिरवली. साडेतीनच्या सुमाराला, चुलीच्या कोपऱ्यात पडलेल्या दगडांवर, मशीन वेगळीच बोलली. उंच, गोड, न तुटणारा सूर! पडद्यावर मोठा आकडा. मीनाने माझा हात धरला. मी ओरडले की जावईबापू, आधी दगड कोयत्याने उलटवा, सप्टेंबरचं रान आहे, हात घालू नका.

हात गेलाच.

दगडाखालून करवत घासल्यासारखी खरखर झाली. मयूर मागे फेकला गेला. गवतात वेटोळं सरकलं, आखूड, मातीच्या रंगाचं. फुरसं! उजव्या हाताच्या बोटावर दोन लाल ठिपके.

पुढचं सगळं भराभर झालं. त्याने खिशातून ब्लेड काढलं, जागा कापायची म्हणाला. मी ते हिसकावून फेकलं. बोटातली अंगठी काढली, घड्याळ काढलं, हाताला काठी लावून मीनाच्या ओढणीने बांधला, जास्त आवळला नाही. त्याला सांगितलं की धावायचं नाही, घाबरायचं नाही, जीव जपून हळू चालायचं. मोबाईलला रेंज नव्हती. फुरशाचं विष वेळ देतं, पण थोडाच. विषावरची सुई तालुक्याच्या दवाखान्यात, आणि दवाखान्यात न्यायला काळू डोंगराखाली. तेवढं खाली उतरायचं होतं.

मी वळले आणि समोर डोंगर नव्हता. दरीतून धुकं वर आलं होतं. सुळका गेला, कडा गेला, दहा पावलांवरची मीना गेली. नुसतं पांढरं!

आमच्या सड्यावरून तीन घळी खाली जातात. तोंडाशी तिन्ही सारख्याच दिसतात. दोन घळी कड्यावर संपतात, खाली शे-दोनशे हात मोकळी हवा. एकच घळ पाड्यात उतरते. सकाळी मी सुळका बघून वाट काढली होती. आता काय बघू? मयूरचा हात मनगटापर्यंत सुजला होता. धुकं उठायची वाट बघावी तर सकाळ उजाडेल, आणि सकाळपर्यंत माझी मीना विधवा होईल. मी चौथी शिकलेली, पण एवढा हिशोब मला येतो.

मग मला खिळे आठवले. मी मीनाला म्हटलं, मशीनचं लोखंड चालू कर.

जोत्यांच्या कडेने चाचपडत आम्ही वेशीचा दगड गाठला. मीनाने चकती फिरवली. घरर्र! लोखंडाचा सूर, जाडा, बोजड. चांदीच्या सुरापेक्षा मला तो गोड लागला. पहिल्या लेकीचा खिळा. तिथं मयूरला बसवला. बारा पावलं खाली. मीना अर्धगोलात चकती फिरवतेय, गवत आडवं येतंय, काही नाही, काही नाही... घरर्र! दुसरा. मग मयूरला खांद्याचा आधार देऊन तिथवर आणायचा, बसवायचा, पुढं निघायचं. तिसरा. चौथा पटकन सापडला. पाचव्याला खूप वेळ गेला, कारण पावसाने वाटेची कड खचली होती. सहाव्याला मयूर थुंकला, थुंकीत रक्त होतं. मीनाने बघितलं, मी बघितलं, आणि पुढं निघालो. सातवा. आठवा.

आणि पुढं काही नाही. नववा, दहावा, अकरावा उपटलेले!

इथंच खरी मेख होती. आठव्या खिळ्यानंतर वाट डावीकडे वळते, मोठ्या खडकाखालून. सरळ गेलं तर कडा. धुक्यात खडक दिसेना. मीना अंदाजाने चार पावलं पुढं गेली. तिच्या पायाखालचा दगड निसटला. गेला. आम्ही ऐकत राहिलो. खाली पडल्याचा आवाज आलाच नाही.

मीना गोठून उभी. मी तिला नावाने हाक मारली, एकेक पाऊल मागे घ्यायला लावलं. मशीन फिरवत फिरवत ती मयूरजवळ आली आणि मशीन घरर्र वाजली! आम्ही दोघी खाली वाकलो. उकरून पाहिलं, मातीच. मयूरच्या कमरेशी चकती नेली की वाजायची. पट्ट्याचं बक्कल असणार, म्हणून मी मीनाच्या हातून मशीन घेऊन बाजूला ठेवली.

मयूरचा हात कोपरापर्यंत काळानिळा झाला होता. तो म्हणाला, "मामी, तुम्ही दोघी जा. मी इथंच थांबतो."

"गप बसा," मी म्हटलं. "माझ्या लेकीचा संसार कुठं संपवायचा ते तुम्ही ठरवायचं नाही."

बोलले खरी, पण आतून मी खचले होते. खड्डे जरी उघडे असते तरी हाताला लागले असते. ते बुजवले कोणी? मीच. टाच मारून मारून! शहाणपणा करून मी स्वतःच्या हाताने वाट पुसली होती. आयुष्यात पहिल्यांदा मला माझा राग आला.

आणि त्या रागातच मला टाच आठवली.

ही वाट पिढ्यान्पिढ्यांच्या पायांनी दगडासारखी झालेली. तिची कडही तशीच. सकाळी बुजवलेला खड्डा कितीही दाबला तरी तो मऊच असणार. मी चपला काढल्या. पिशवीतली लांब दोरी कमरेला बांधली, दुसरं टोक मीनाच्या हातात दिलं. बसून, सरपटत, गवत दोन हातांनी फाकवत, टाच टेकवत निघाले. कडक. कडक. कडक. दोनदा दोरी ताणली गेली आणि मीनाने मागे ओढलं. तिसऱ्यांदा डावीकडे सरकले. कडक. कडक. टाच रुतली!

बोटं आत घातली. भुसभुशीत ताजी माती. आत्याचा खड्डा! वर हात केला तर खडक लागला. तोच खडक! तिथून दहावा. मग माझा. अकराव्या खड्ड्याच्या खाली दगडी पायऱ्या सुरू होतात, त्या मी डोळे मिटून उतरले असते. पायऱ्यांवर आलो तेव्हा धुकं डोक्याच्या वर राहिलं होतं आणि खाली पिकअपचे दिवे दिसत होते. चारचे सहा वाजले होते. काळू गाडीच्या टपावर उभा राहून हाका मारत होता.

दवाखान्यात सुया लागल्या, एक नाही, बऱ्याच. पहिले दोन दिवस डॉक्टर खात्री देत नव्हते. मीना दारातल्या बाकड्यावर बसून राहिली, मी तिच्या शेजारी. तिसऱ्या दिवशी सकाळी हिरड्यांतून येणारं रक्त थांबलं, सूज उतरायला लागली, आणि त्याने चहा मागितला. हात वाचला, बोट थोडं वाकडं राहील म्हणाले.

परिचारिकेने त्याच्या कपड्यांची पिशवी आणून दिली. मी पँट झटकली तर खिशातून काहीतरी टणकन फरशीवर पडलं. एक खिळा. चौकोनी, बैलगाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव तोडून, ठोकून केलेला. असला खिळा एकच होता. माझ्या बापाने माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी स्वतः ठोकून घडवला होता. बाकीचे दोन टाकले, हा जुना वाटला म्हणून ठेवला, मयूर हळूच म्हणाला. म्हणजे धुक्यात मशीन वाजत होती ती बक्कलावर नव्हती.

कळशीचं त्याने विचारलं. तिथं कळशीच होती की चुलीवरचा फुटका हंडा, मला माहीत नाही, आणि आता बघायचंही नाही. ती आईने ठेवली, तिथं राहू दे. मीना त्याचे पाय चोळत पायाशी बसली होती. मी खिळा जावयाच्या डाव्या हातात ठेवला, मूठ बंद केली आणि म्हटलं,

"जावईबापू, आम्ही मीनाचं लग्न नाशकात हॉलमध्ये लावलं, तिचा खिळा ठोकायचा राहिला. म्हणून तर तुम्ही तिच्या मागं लागलात. आता लागलाच आहात तर बरे व्हा. दिवाळीनंतर वर जायचं. तीन उपटलेत ते तीन, आणि चौथा माझ्या मीनाचा. ठोकायचे तुम्ही, वाकड्या बोटाने. आणि कुठं ठोकायचे ते मोबाईलला नाय, मला विचारायचं."