पंधरा खोटे आकडे

"आज पाटाच्या कडेनं थेट धरणाच्या बाजूले जाऊ," असा बेत आकांक्षा शेजारच्या मळ्यातल्या ललितला सांगत होती, तेवढ्यात सुभद्रामामींची हाक आली. हाक नेहमीसारखी नव्हती. दोघंही घरात धावले.

दहा वर्षांची आचल खाटेवर हात टेकून बसली होती. प्रत्येक श्वासाला छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. मामींनी निळा पंप तिच्या तोंडाशी धरला. पंधरा मिनिटांनी तिचा श्वास जरा मोकळा झाला, तेव्हा मामींनी अमरावतीच्या डॉक्टरांना फोन लावला.

"अ‍ॅपवर तर आठ दिवस सगळं हिरवं आहे," स्पीकरवर डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ते बघूनच परवा मी रोजचं औषध निम्मं केलं."

"चोरून संत्री खाल्ली असंन," मामी आचलवर खेकसल्या. "कितीदा सांगतलं तुले."

"नाई खाल्ली वं आई," आचल रडवेली झाली.

आकांक्षाचे कान तापले. दिवाळीच्या सुट्टीत अकोल्याहून मोर्शीला मामाच्या मळ्यात आल्यावर तिनंच ऐटीत हे काम मागून घेतलं होतं. सकाळ-संध्याकाळ आचलनं श्वास मोजायच्या नळीत जोरात फुंकायचं आणि काटा थांबेल तो आकडा मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये भरायचा; चांगला असला की तो हिरवा दिसे, कमी भरला की लाल. पहिल्या सकाळी २८० आला. मग खेळायची घाई होऊ लागली आणि नळी फळीवरच राहिली. संशय येऊ नये म्हणून तिनं मधूनच २७५ही लिहिला होता. तेच आता तिला सगळ्यात जास्त बोचलं.

"मॅडम, आचलनं काही खाल्लं नाही," ती कशीबशी म्हणाली. "आकडे मी मनानं भरले. पंधरा."

कुणीच रागावलं नाही. मामींनी फक्त तिच्याकडे पाहिलं आणि आचलला जवळ ओढलं. आकांक्षाला वाटलं, त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं.

"आधीचं औषध पूर्ण सुरू करा आणि आजच तिला दाखवायला आणा," डॉक्टर म्हणाल्या. "आणि आकांक्षा, यापुढेही तूच भर. पण खरं."

सोमवारपासून नळी एकदाही चुकली नाही. संध्याकाळी आकडा हिरवा येई. पण सोमवारी सकाळी तो लाल आला, मंगळवारी हिरवा, बुधवारी पुन्हा लाल. दोन्ही लाल दिवशी आकांक्षानं शेऱ्यात लिहिलं होतं : जळका वास.

ललित वासाचा माग काढत संत्र्यांच्या शेडमागे गेला, तिथली राख पाहिली आणि पळतच परतला. "ठिबकच्या जुन्या नळ्या जाळून राहिलं कोनी तरी!"

एक दिवसाआडचा हिशोब धरून शुक्रवारी सकाळी दोघं क्रेटांच्या थप्पीआड दबा धरून बसले. काडेपेटी घेऊन आले ते खुद्द खुशालरावमामा, आचलचे वडील.

आकांक्षा मागे सरकली. "माह्यावर कोन इश्वास ठेवीन आता?"

"आकड्यावर ठेवतीन," ललित म्हणाला.

तिनं धीर केला आणि पुढे होऊन सहज विचारलं, "मामा, या नळ्या कोनत्या कोनत्या दिवशी जाळल्या तुमी?"

"सोमवारी, बुधवारी. उरल्या त्या आज जाळतो. कावून वं?"

तिनं मोबाइल पुढे धरला. मामांनी दोन लाल ठिपके पाहिले, त्यांच्या वरच्या तारखा पाहिल्या. मग वारा हातानं चाचपावा तसा हात हवेत धरला. वारा शेडकडून घराकडेच वाहत होता. त्यांनी काडेपेटी खिशात टाकली.

"माह्याच पोरीले मी धूर पाजून राहिलो," ते हळूच म्हणाले.

नळ्या त्याच दिवशी भंगारात गेल्या. पुढचे सगळे आकडे हिरवे आले, आणि ते खरे होते. डॉक्टरांनी फोनवर दोघांना शाबासकी दिली, मामींनी आकांक्षाच्या पाठीवरून हात फिरवला. तिची मान मात्र वर होईना.

"मॅडम, ते जुने आकडे पुसता येतील का?"

"नाही. बाजूला शेरा लिहिता येतो."

आकांक्षा ओसरीवर बसली आणि एकेका आकड्यापुढे लिहीत गेली : 'हा खोटा आहे. आकांक्षा.' पंधरा वेळा.

मामा शेजारी येऊन बसले.

"झालं की मले दे," ते म्हणाले. "माह्या धुराच्या तारखा मलेच लिहाच्या हायेत."