रिचार्जला दिलेला नंबर

"त्यावर भरू नका."

कार्डाचे सोळा आकडे टाकून झाले होते. मागचे तीन तेवढे उरले होते, आणि नेमका तेव्हाच शेजारच्या खुर्चीवरून हा आवाज आला. तिने मान वळवली. दवाखान्याची लिफ्ट दुरुस्त करणारा होता तो. मांडीवर पान्यांची पिशवी, मनगटावर ग्रीसचा डाग, आणि डोळे... ते मात्र मुद्दाम समोरच्या भिंतीवर लावलेले.

"माझ्या फोनमध्ये बघत होतात?"

"वायफायचं नाव दिसलं फक्त. दवाखान्याच्या वायफायला काउंटरवरून पासवर्ड घ्यावा लागतो. हे नुसतंच तसल्या नावाचं आहे, कोणी सोडलंय देव जाणे. आकडे पुसा, आणि आधी ते बंद करा."

तिने घाईघाईने आकडे पुसले आणि वायफाय बंद केलं. दोन वर्षं लोकांचे पडदे शिवून तिने डिझाइनच्या शाळेची फी जमवली होती. मुदत चारला संपणार होती, आणि साडेतीन वाजले होते. आई आत मोतीबिंदूच्या ऑपरेशनला, म्हणून जागचं हलता येत नव्हतं. फोनमधलं नेट तर सकाळीच आईने मालिका बघून संपवलेलं.

"मग तुमचं नेट द्या. आईला आत ऑपरेशनला सोडून बाहेर कुठे जाऊ?"

"देतो... पण तेही घेऊ नका. मी कोण, कुठला, तुम्हाला काय माहीत?"

देता देता हात मागे घेणारा असा माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला. एवढ्या धास्तीतही तिला हसू आलं.

"त्यापेक्षा तुमचंच नेट वापरा. रिचार्ज मी करतो, पैसे रोख द्या. फक्त—" त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "नंबर सांगावा लागेल."

"अच्छा. म्हणजे एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप?"

"नाही हो..."

तिने नंबर सांगितला. रिचार्ज झाला, फी भरली गेली, जागा पक्की झाली. पैसे त्याच्या हातावर ठेवताना तिला उगाच ऐट करावीशी वाटली.

"आता नंबर काढून टाका."

तो थोडे आढेवेढे घेईल, असं तिला वाटलं होतं. त्याने मुकाट्याने तिच्यादेखत नंबर काढला, पिशवी उचलली आणि कामाला गेला. ती मात्र तिथेच चुटपुटत बसली.

रिचार्जच्या नोंदीत तरी नंबर उरला असेल, या आशेवर पुढचे दहा दिवस ती अनोळखी नंबरांची वाट बघत बसली. एरवी दोन शब्दांत वाटेला लावायची, आता "हॅलो?" इतकं मऊ म्हणायची, की कर्ज विकणाऱ्या एकाने हुरूप येऊन तीनदा फोन केला. तिला ज्याचा हवा होता, त्याचा काही येईना.

अकराव्या दिवशी आईला तपासणीला नेलं, तर लिफ्ट बंद.

"या आठवड्यातली तिसरी वेळ," नर्स वैतागून म्हणाली आणि कुरकुरणाऱ्या आईला जिन्याने वर घेऊन गेली.

ती खालीच थांबली. उघड्या लिफ्टमध्ये तो उभा होता.

"काय बिघडलंय?"

"काहीच नाही," तो म्हणाला. खोटं बोलणं त्याला जमण्यातलं नव्हतं. "तुमच्या आईंना याच आठवड्यात बोलावलं असेल असं वाटलं. दिवस माहीत नव्हता... म्हणून तीनदा लिफ्ट थांबवून तेल घातलं."

"फोन करायला नंबर ठेवला असतात तर—"

"फोनमधून काढला होता." मग खाली बघत त्याने दहाच्या दहा आकडे म्हणून दाखवले, एकदाही न अडखळता.

तिचं डोकंच फिरलं. "पाठ होता? आणि मी इकडे दहा दिवस कर्जवाल्यांशी गोड बोलतेय—" तिने जीभ चावली.

तो हसला नाही. "तो तुम्ही रिचार्जला दिला होता," तो हळूच म्हणाला. "मला नाही."

तिला एकदम भरून आलं. आपली कुठलीच गोष्ट आजवर कोणी इतकी जपली नव्हती. हा माणूस आपल्याला आवडतो, फार आवडतो, हे तिने मनाशी कबूल करून टाकलं.

"फोन काढा," ती म्हणाली. "आता तुम्हाला देते."

त्याने हात पुसून फोन काढला. "सांगा."

"पाठ आहे ना?"

"तरी सांगा."

ती लिफ्टमध्ये शिरली. त्याच्या अगदी जवळ उभी राहून, दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, एकेक आकडा सांगू लागली.

"चिमणे," वरून आईची हाक आली, "लिफ्ट चालू झाली का गं?"

"नाही आई," तिने तिथूनच सांगितलं. "अजून थोडा वेळ लागेल."